मोजणीबाईच्या अंगणाचा नकाशा

आमच्या गावात रानातलं किंवा परसातलं काहीही तोंडात टाकण्याआधी लोक माझ्या वहिनीला विचारतात. तेहतीस वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे. अळंबी, मध, दूध, गाजरं, नदीतला मासा, एकदा तर कुणाच्या आजोबांनी माळ्यावर वाळवलेली तंबाखू. पिशवी घेऊन यायचं, बाजारामागच्या दोन खोल्यांपैकी पहिलीत बाकावर बसायचं आणि दुसरीतून आकडा येईपर्यंत गप्पा मारायच्या. वहिनीला खरं नाव आहे, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. गावासाठी ती मोजणीबाई.

मी तिची नणंद. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. वहिनी म्हणजे दादाची बायको. मानानं मोठी, वयानं माझ्याहून चार वर्षं लहान. त्यामुळे ती मला ‘वन्सं, तुम्ही’ म्हणते, मी तिला ‘वहिनी, तू’ म्हणते, आणि मनात एकमेकींना काय म्हणतो ते इथं लिहायची गरज नाही. पहिली दहा वर्षं आमचं बिलकुल पटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मायेपोटी लिहिलंय असं कुणाला वाटायला नको.

अणुभट्टीचा अपघात झाला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट काढायची. भट्टी आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरवर. आम्हाला काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, वास आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक ढग आला, तासभर पाऊस पडला, मी वाळत घातलेले कपडे आत घेतले. एवढंच. नदीपलीकडच्या गावावर तो पाऊस जास्त पडला, आमच्यावर कमी. पलीकडचं गाव आठवड्याभरात रिकामं केलं आणि नंतर घरंसुद्धा यंत्रांनी खड्डे करून जागच्या जागी पुरली. आम्हाला राहू दिलं. दर घराभोवतीची वीतभर माती सरकारी माणसांनी खरवडून नेली आणि दुसरीकडून आणलेली घातली. रान तेवढं कुणी खरवडलं नाही. रान कोण खरवडणार?

मग एक यंत्र आलं. शिशाच्या विटांची छोटी कोठी, एवढी जड की सहा माणसांनी ती खाली ठेवली तशी फरशी तडकली. ती चालवायला दूध संघातून वहिनीला निवडून सहा आठवडे शिकायला पाठवलं. परत आली ती वेगळीच होऊन. आधी ती स्वयंपाकात सगळं अंदाजपंचे घालायची. परत आल्यापासून मिठाला चमचा.

कामाची पद्धत मी तिच्या दारात उभी राहून इतक्यांदा बघितलीय की झोपेतही सांगेन. नमुना चिरायचा, किसायचा, लिटरभराच्या डब्यात हवा राहू न देता ठासून भरायचा, वजन करायचं, कोठीत ठेवायचा, वरचं शिशाचं झाकण ओढून घ्यायचं. अर्धा तास थांबायचं. पडद्यावर एक रेघ उमटत जाते आणि तिच्यावर एका ठरलेल्या जागी उंचवटा येतो. तो सीझियमचा. दूध असो, मासा असो, तंबाखू असो, उंचवटा तिथंच, केसभरही इकडेतिकडे नाही. मी मुलांना हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून शिकवलं होतं. तरी पहिल्यांदा तिच्या पडद्यावर तो उंचवटा वर येताना बघितला आणि मी दारातून थेट पडद्याशी जाऊन उभी राहिले. सव्वाशे किलोमीटरवरच्या एका फुटलेल्या छपराखालून निघालेली वस्तू अळंबीत बसून आली होती आणि ‘मी इथं आहे’ म्हणत होती.

किलोमागे शंभर बेकरेलच्या आतला आकडा मोठ्यांना चालतो, लहान मुलांना चाळीसच्या आतला. बाहेरच्या फळ्यावर ती रोज लिहिते: काय आणलं, कुठल्या गल्लीतून, किती. शंभराच्या वरचं लाल खडूनं. माणसाचं नाव लिहीत नाही. पण आमचं गाव केवढं, गल्ली वाचली की नाव कळतंच.

“बाई, दोनशे दहा म्हणजे फारच झाले. थोडे कमी करून द्या की,” पाववाला एकदा म्हणाला.

“ही काय भाजी आहे घासाघीस करायला? न्या परत जिथून आणलंत तिथं.”

“निम्मीच खातो मग. एकशे पाच होतील.”

“आणि उरलेली निम्मी उद्या खाल. मला शिकवू नका.”

असं सगळं. लोक हसतात, कुरकुरतात, आणि अळंबी मागच्या पिंपात टाकून घरी जातात. तेहतीस वर्षांत तिनं एकही आकडा कुणासाठी खाली ओढला नाही. माझ्यासाठीही नाही, आणि माझी एकशे चारची रानबोरं होती. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नव्हते.

आता तिच्या लेकीबद्दल, कारण ही गोष्ट तिच्यामुळेच लिहायला घेतली.

माझी भाची अपघातानंतर दोन वर्षांनी जन्मली. तिचं सगळं बालपण एका वाक्यात गेलं: हात लावू नकोस. गवतावर बसू नकोस. शेवाळाला हात लावू नकोस. पडलेलं फळ उचलू नकोस. बूट बाहेर काढ, बुटाच्या तळाला हात लावू नकोस. वहिनी हे ओरडून नाही म्हणायची. येताजाता, भाजी चिरता चिरता, श्वास घ्यावा तसं म्हणायची. पुढं भाची शिकायला मोठ्या शहरात गेली. वसतिगृहात सोबतच्या मुलीला आमच्या गावाचं नाव कळल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी खोली बदलून घेतली. त्यानंतर भाची शेजारच्या तालुक्याचं नाव सांगू लागली. एका स्थळानं तर तिच्या रक्ताचा अहवाल मागितला. शेवटी एका मोटार दुरुस्त करणाऱ्या मुलानं फक्त एवढंच विचारलं, की तुझ्या गावाला थेट बस आहे का, आणि तिनं त्याच्याशी लग्न केलं. शहाणी पोर.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. भाचीला दिवस गेले होते, चौथा महिना होता. जावयाला काम कुठंही मिळालं असतं. वहिनीनं तिला फोन केला, आणि मी तिथंच बसून शेंगा सोलत होते म्हणून सगळं ऐकलं. वहिनी फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावते. तिचे हात नेहमी कशात तरी असतात.

“येशील का?” वहिनीनं विचारलं. एवढी साधी विचारणा मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. लेक जवळ असावी यापलीकडे त्या बाईला आयुष्यात काही नको होतं, आणि ते तिनं बारा वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं.

“आई, एका अटीवर,” भाची म्हणाली. “माझ्या पोराला दिवसभर ‘हात लावू नकोस’ ऐकवायचं नाही. ते मातीत बसेल, माती तोंडात घालेल, पोरं घालतातच. तेवढं अंगण असेल तर सांग.”

“आपलं अंगण स्वच्छ आहे. माती बदललेली आहे.”

“मोजलंस?”

सगळ्या गावाच्या पिशव्या मोजणारी बाई, पण स्वतःच्या अंगणातली माती तिनं मोजली होती ती माती बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. तेव्हा आकडा छान आला, मग विषय संपला. परसातल्या भाज्याही तेव्हाच मोजल्या, नंतर नाहीत.

“मोजते,” ती म्हणाली. “चाळीसच्या आत असेल. मग ये.”

“मग येते.”

लगेच दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात सुतळ्या बांधल्या. आडव्या, उभ्या, चोवीस चौकोन. प्रत्येकातून वीतभर खोल माती, ती मंद आचेवर वाळवून, चाळून, डब्यात भरून. रोज काम संपल्यावर चार डबे, असे सहा दिवस. दादा सुतळ्यांवर अडखळून दोनदा पडता पडता वाचला. माझा दादा बस चालवायचा. आयुष्यभर प्रवाशांची बडबड ऐकून त्यानं स्वतः बोलणं सोडून दिलंय.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी गेले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात चौकटीच्या कागदावर अंगणाचा नकाशा काढून बसली होती. फाटकापाशी अडतीस. कपड्यांच्या दोरीखाली पस्तीस. भिंतीकडेला एकेचाळीस, त्याखाली तिनं रेघ मारली होती. आणि दारासमोरचा भाजीचा वाफा, अंगणातला एकुलता एक उन्हाचा तुकडा, जिथं मूल खेळणार होतं: आठशे सत्तर. नऊशे दहा. कोपऱ्यात सोळाशे चाळीस.

“यंत्र बिघडलं असेल,” मी म्हणाले.

“तीनदा मोजलंय.”

“मग डबा नीट धुतला नसशील.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्ची ओढून मुकाट्यानं बसले.

“वन्सं, हे नुसतं वाफ्यात नाहीये,” ती म्हणाली. “मी मधल्या जागेतूनही घेतलं. हे बघा.” स्वयंपाकघराच्या दारापासून वाफ्यापर्यंत तिनं वीत-वीत अंतरावरची माती मोजली होती. दोनशे, अडीचशे, एकशे नव्वद, तीनशे. एक अरुंद पट्टा. दोन्ही बाजूंना हातभर सरकलं की परत चाळीस. दारातून सरळ निघायचा, कपड्यांच्या खांबाला उजवीकडून वळसा घालायचा आणि वाफ्याच्या कोपऱ्यात जाऊन संपायचा.

“ही तर पायवाट आहे,” मी म्हणाले. “खांबाला वळसा घालून कोण जातं?”

“मी जाते,” वहिनी म्हणाली.

ती उठली. लोखंडी शेगडीशेजारी राखेची बादली होती ती उचलून तिनं खिडकीसमोर धरली. तळाला करंगळीएवढं भोक होतं, त्यातून उजेड आला.

“ते भोक जुनं आहे,” दादा दारातून म्हणाला.

“मग बोलला नाहीत ते?”

“तू विचारलं नाहीस.”

थंडीत आमच्या गावात घरं लाकडानं तापवतात. लाकूड रानातलं, वाळकं, पडलेलं, फुकट. राख टाकायची नाही, वाफ्यात घालायची. भाजी जोमानं येते, किडे पळतात. वहिनीला तिच्या आईनं शिकवलं, तिच्या आईला तिच्या आईनं. आम्ही रानातली अळंबी तिच्या कोठीतून गेल्याशिवाय चाखली नाहीत, रानबोरं पिंपात फेकली, आणि तेच रान वर्षाला चार गाड्या भरून घरात आणलं, जाळलं आणि उरलं ते चमच्यानं भरवावं तसं भाजीला भरवलं. लाकूड कोण खातं? म्हणून लाकूड कधी मोजलंच नाही.

तिनं बादलीतली राख डब्यात भरली आणि मला घेऊन बाजारामागच्या खोलीत गेली. अर्धा तास थांबावं लागलं नाही. दोन मिनिटांत उंचवटा पडद्याच्या वरच्या कडेला टेकला. तेवीस हजार.

मला समजावून सांगता येतं; माझा तो धंदाच होता. झाडाला पोटॅशियम लागतं आणि सीझियम त्याच्यासारखंच दिसतं, म्हणून झाड ते मातीतून शोषतं, खोडात ठेवतं, पानांतून खाली टाकतं, पुन्हा शोषतं. रान ते बाहेर सोडतच नाही. लाकूड जळलं की धूर जातो, सीझियम बरंचसं राखेत राहतं. गाडीभर लाकडातलं एका बादलीत येतं. आणि तेहतीस वर्षांत ते स्वतःहून जेमतेम निम्मं झालंय. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तो कागद पुढ्यात घेऊन बसले तेव्हा ठाऊक असण्याचा काही उपयोग झाला नाही. ढगातून रानात, रानातून खोडात, खोडातून शेगडीत, शेगडीतून बादलीच्या भोकातून चिमूट-चिमूट अंगणात. एका बाईच्या रोजच्या शे-दीडशे पावलांची नोंद जमिनीनं ठेवली होती. खांबाला ती उजवीकडून जायची हेसुद्धा. मला राग यायला हवा होता, निदान भीती तरी. मी नुसती थक्क झाले होते, देवळात उभं राहिल्यासारखी, आणि मी देवळात जात नाही.

मग भानावर आले आणि नेहमीसारखं आगाऊपणे बोलले. “हे बघ वहिनी, हिशेब मी करते. मुलानं चिमूटभर माती खाल्ली तर त्याला काहीही होत नाही. छातीचा एक फोटो काढला तर याच्याहून जास्त. वाफ्यावर दोन गाड्या वाळू टाक आणि तिला सांग, ये. फाटकापाशी अडतीस आहेत, हे तर खोटं नाही.”

“मी तिला फाटकापाशी बसवणार नाहीये.”

“वाटीभर रानबोरं आणि चिमूटभर माती यात फरक असतो.”

“असेल. तुम्ही शिकलेल्या आहात.” ती डबा धुवत होती. “तिनं मला ‘काही होईल का’ असं विचारलं नव्हतं, वन्सं. ‘मोजलंस का’ असं विचारलं होतं.”

मी तिला डबा पुसायला फडकं दिलं.

त्याच संध्याकाळी तिनं फोन लावला. टेबलावर, मोठ्या आवाजात. सगळे आकडे वाचून दाखवले, फाटकापासून कोपऱ्यापर्यंत, मधला एकही न गाळता. मग राखेचं सांगितलं.

“आई,” भाची म्हणाली, “माझ्या लहानपणीचे टोमॅटो?”

“तिथलेच.”

“गाजरं?”

“तिथलीच.”

“मला गवतावर बसू द्यायची नाहीस तू.”

“नाही द्यायचे.”

मी मध्येच म्हणाले की पहिल्या वर्षांत राख थोडीच साठली होती, भाजीत उतरते ती त्याहून थोडी, मोठ्यांच्या शंभराच्या आतच असणार सगळं. दोघींपैकी एकीनंही माझ्याकडे लक्ष दिलं नाही. वहिनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, पुन्हा पुन्हा, जणू तिथं काही सांडलं होतं.

“येऊ नकोस,” ती शेवटी म्हणाली. “मी सांगेपर्यंत येऊ नकोस.”

फोन ठेवला आणि ती शेंगांची सालं उचलायला लागली. मी घरी गेले. तिला रडायचं असेल तर नणंदेसमोर कशाला, असं मला वाटलं. रडली की नाही ते मी विचारलेलं नाही.

सकाळी फळ्यावर लाल खडूनं लिहिलेलं होतं: राख, मोजणीबाईच्या शेगडीतली, तेवीस हजार. खाली: भाजीच्या वाफ्याची माती, मोजणीबाईच्या अंगणातली, आठशे सत्तर ते सोळाशे चाळीस. तेहतीस वर्षांत फळ्यावर पहिल्यांदा गल्लीच्या ऐवजी माणूस लिहिला होता.

पाववाला फळ्यासमोर उभा राहून मोठ्यानं वाचत होता. त्याच्यामागं दहा-बारा जण. “काय हो बाई, आमची अळंबी पिंपात, आणि तुमच्याकडे ही मजा?”

“हो,” वहिनी म्हणाली.

“नाही म्हणजे, राख खाऊ नये एवढं आम्हालाही कळतं.”

“तुम्ही तुमची कुठं टाकता?”

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “वाफ्यात,” तो म्हणाला. “अजून कुठं टाकायची?”

“मग बादली घेऊन या. झाकण लावून आणा, सांडू नका.”

दुपारी बाजारामागं बादल्यांची रांग लागली. मी ती रांग विसरणार नाही. पत्र्याच्या, प्लास्टिकच्या, एक तर मुलांच्या आंघोळीचं टमरेल. आपापली राख मांडीशी घेऊन अख्खं गाव बाकावर आणि पायऱ्यांवर बसलेलं, आणि कुणाचा आवाज नाही. अठरा हजार. सव्वीस. नऊ. एकतीस. कुणी वहिनीला बोल लावायला आला असेल तर आकडा ऐकून तसाच परत गेला. औषधांच्या दुकानातली म्हातारी तेवढी जाताना थांबली आणि म्हणाली, “तुझी राख तू लिहिली नसतीस, तर मी माझी आणलीच नसती.” वहिनी म्हणाली, “पुढची बादली.” आता आमच्याकडे दर मंगळवारी राखेची वेगळी गाडी येते.

थंडी ओसरल्यावर तिनं फावडं घेतलं.

वाफा चार मीटर बाय नऊ. फावडंभर खोल काढायचा म्हणजे दहा टन माती. गुणाकार मी केला आणि तिला दाखवला. तिनं कागद बघितला आणि म्हणाली, “मग पोती जास्त लागतील.” सकाळी सहा ते नऊ ती खणायची, दहाला मोजायच्या खोलीत. दादा पोती शिवायचा. मी पोत्यांवर आकडे टाकायचे आणि सूचना करायचे. वहिनीनं पासष्टी गाठली होती. दुसऱ्या महिन्यात नात झाल्याचा फोन आला. तिनं हात धुतले, पाच मिनिटं फोटो बघितला, मातीला परत गेली. बघायला जाऊन ये म्हटलं तर म्हणाली, “तिला इथं यायचंय.”

पोती न्यायला गाडी आली तेव्हा मी आणि ती सोबत गेलो. ती जागा नदीपलीकडे, पुरलेल्या गावाच्या कडेला आहे. मी तिथं अपघातानंतर गेलेच नव्हते. पूर्वी माझी एक विद्यार्थिनी तिकडून सायकलनं यायची. आता दोन्ही बाजूंना हिरवे उंचवटे, एकेक घराएवढे, ओळीनं. प्रत्येकावर एक खांब आणि इशाऱ्याची पिवळी पाटी. रस्त्याच्या मधोमध झाडं उगवलेली, माझ्या कमरेहून जाड. एका उंचवट्यावर तीन हरणं चरत होती, त्यांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरू लागली. इतकी पाखरं मी एका जागी कधी ऐकली नाहीत. सुंदर होतं. मला हे लिहिताना संकोच वाटतो, पण सुंदर होतं, आणि मातीच्या चिमटी-चिमटीत ते सीझियम होतं. गाडी चालवणाऱ्यानं खिडकी उघडली नाही. वहिनी पोती मोजून घेत होती.

मग नवी माती शोधायची. बाहेरून आणलेल्या मातीतही अडतीस-चाळीस असतातच, ते कळलं होतं. वरची कुठलीही तिला नको होती. तेव्हाच शाळेच्या नव्या इमारतीचा पाया खणत होते, बारा फूट खोल. ती शिडीवरून खाली उतरली आणि तळाची माती डब्यात घेऊन आली. पिवळट, गार, जरा चिकट.

तासाभरानं तिनं मला निरोप पाठवला. मिळतील त्या चपला पायात सरकवून मी गेले. पडद्यावर रेघ उमटली होती. दूर उजवीकडे पोटॅशियमचा बारका उंचवटा, तो कुठल्याही मातीत असतोच. आणि सीझियमच्या जागी काही नव्हतं. सपाट.

“काही नाहीये,” वहिनी हळूच म्हणाली. “वन्सं, काहीच नाहीये ते बघा.”

तेहतीस वर्षांत त्या जागी तिनं सपाट रेघ पाहिली नव्हती. रिकामा डबा ठेवला तरी कोठीतल्या धुळीचा इवला फुगवटा यायचा. यावेळी तिनं कोठी आधी दोनदा पुसून घेतली होती. ती माती त्या दिवशी बारा फूट खाली होती. त्याच्या आधीच्या सगळ्या दिवसांतही खालीच होती. तिला तो ढग माहीतच नव्हता. आम्ही दोघी म्हाताऱ्या एका सपाट रेघेसमोर उभ्या होतो, बाहेर बाकावर मधवाला खाकरून खाकरून आठवण करून देत होता, आणि वहिनीनं माझा हात धरला होता. तिनं तो कधी धरला ते मला कळलं नाही. यापूर्वी कधी धरला नव्हता.

वाफ्यात आणि खणून काढलेल्या पायवाटेवर माती भरून झाली, बसली. तिनं पुन्हा सुतळ्या बांधल्या. चोवीस चौकोन. वाफ्यात तीन, पाच, चार. पायवाटेवर बारा. भिंतीकडेला एकेचाळीसच होते, तिथलीही तिनं काढली. मग फोन केला आणि चोवीस आकडे वाचून दाखवले. शाळेची जागा अजून रिकामीच होती. आमच्या गावात नोकरीला कोण येतंय? भाची म्हणाली, चार दिवस येऊन बघते, मग ठरवते.

आली. नात चौदा महिन्यांची, टकलू, दादाच्या कपाळाची, धरून धरून चालणारी. भाचीनं तिला अंगणात खाली ठेवलं. पोरीनं इकडेतिकडे बघितलं, वाफ्यापर्यंत डुलत गेली आणि धपकन बसली. दोन्ही हात मातीत घातले.

मी वहिनीकडे बघितलं. तिचे ओठ उघडले होते. मग तिनं ते मिटले, वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“आई, काय करतेस?” भाची म्हणाली. “इकडे बघ ना.”

“मी बघितलं तर बोलेन,” वहिनी भिंतीला म्हणाली. “तिला बसू दे जरा.”

पोरीनं मूठ वर केली, तिच्याकडे निरखून बघितलं आणि तोंडात घातली.

“वन्सं,” वहिनीनं मागं न बघता विचारलं, “काय करतेय?”

“खातेय.”

थोड्या वेळानं ती म्हणाली, “किती?”

भाची हसायला लागली. हसता हसता पायरीवर बसली, आणि नंतर ती हसत होती की काय ते मला नीट सांगता येणार नाही, तिनं चेहरा हातात घेतला होता. मग डोळे पुसून उठली, लेकीच्या हनुवटीवरचा चिखल पदरानं पुसला, तिला परत मातीत बसवलं आणि घरात गेली. आतून तिचा आवाज आला.

“आई, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं? हिची खाट तिथं लावू.”